बाहेरचा गडी

गेल्या पावसाळ्यांत एके सायंकाळीं माझा पुतण्या, जो याच शाळेंत आठवीच्या वर्गांत शिकतो, मैदानावरून घरीं आला तो फुरंगटूनच. दप्तर कोपऱ्यांत टाकून तो म्हणाला, "काका, समोरच्या संघानें बाहेरून मुलगा आणून खेळविला. हा अन्याय नाहीं का?" मीं चटकन् 'होय' म्हणावें अशी त्याची अपेक्षा होती. परंतु तें 'होय' माझ्या ओठांवर येऊनहि बाहेर पडलें नाहीं. कारण हाच प्रश्न, बहुतेक ह्याच शब्दांत, मीं माझ्या वडिलांना फार वर्षांपूर्वीं विचारिला होता.

ती हकीकत १९८४ सालची. मी त्या वेळीं जिल्ह्यांतील एका तालुक्याच्या गांवीं नववींत होतों. शाळेचें नांव सांगण्याचें येथें प्रयोजन नाहीं. खो-खो हा आम्हां मुलांचा प्राण. मैदानांत नऊ गडी उतरतात हें वाचकांस ठाऊक आहेच. त्या नवांतील नववा मी होतों. तीन वर्षें पहांटे उठून, गुडघे सोलून घेऊन मीं ती जागा मिळविली होती. जुलैच्या पहिल्या आठवड्यांत क्रीडाशिक्षक एका सडपातळ मुलास हातीं धरून मैदानावर आले. तो सुरगाण्याकडील एका पाड्यावरचा. कोठल्याशा शर्यतींत त्यास धांवतांना कोणीं तरी पाहिलें, आणि फी माफ होईल, राहण्याजेवणाची सोय होईल, असें सांगून त्याला आईबापांकडून मागून आणिलें. त्या दिवशीं संघाची यादी नव्यानें लिहिली गेली, आणि माझें नांव दहावें झालें.

घरीं येऊन मीं सारें रडत रडत सांगितलें. वडील दुकानाचा हिशेब लिहीत बसले होते. त्यांनीं लेखणी खालीं ठेविली आणि एवढेंच विचारिलें, "तो मुलगा जेवतो कोठें रे?"

मला त्यांचा राग आला. माझी जागा गेली होती, आणि ह्यांना जेवणाची पडली होती! "ठाऊक नाहीं," मी म्हणालों. "मग उद्यां पाहून ये."

दुसऱ्या दिवशीं मीं पाहिलें. खेळाचें साहित्य ठेवण्याच्या खोलींत, फुटके चेंडू आणि चुन्याची गोणी यांच्या शेजारीं त्याची वळकटी होती. जेवणासाठीं जुन्या काळच्या गरीब विद्यार्थ्याप्रमाणें त्याला वार लावून दिले होते. आठवड्यांतील पांच वार ठरले होते. दोन ठरावयाचे राहिले होते. त्या दोन दिवशीं तो शेंगदाणे आणि चुरमुरे खाऊन राही, व ही गोष्ट त्यानें कोणाजवळ काढिली नव्हती. मीं हें घरीं सांगतांच वडील आईकडे वळून म्हणाले, "गुरुवार आपल्याकडे."

अशा रीतीनें ज्यानें माझी जागा घेतली तो दर गुरुवारीं माझ्याच शेजारच्या पाटावर जेवूं लागला. आई त्याच्या पानांत पिठलें वाढी, आणि मी खालीं मान घालून जेवत असें. तो मुळांत अबोल. घरीं त्याची बोली निराळी, त्यामुळें पुस्तकांतील मराठी त्याला परक्या भाषेसारखीच होती. वर्गांत तो शेवटच्या बांकावर बसे. शिक्षक त्याला प्रश्न विचारीत नसत. मला वाटतें, ती त्यांच्या परीनें दयाच होती. जेवणानंतर तासभर त्याला धडा समजावून देणें मला सहज शक्य होतें. मीं तें एकदांहि केलें नाहीं. त्यानें मात्र एका गुरुवारीं अंगणांतील पारिजातकाच्या बुंध्याला धरून, खुंटाजवळ वेग कमी न करतां वळावें कसें, हें मला न विचारतां शिकविलें. आंतल्या हातानें खुंट पकडावयाचा, अंग बाहेर झोंकून द्यावयाचें, आणि दृष्टि पुढच्या पाटीवर ठेवावयाची. इतक्या वर्षांत आमच्या शिक्षकांनीं आम्हांस तें दाखविलें नव्हतें.

आम्ही जिल्ह्याची ढाल जिंकिली. पुढें विभागीय सामन्यांत खुंटाजवळ वळतांनाच त्याचा गुडघा मुरगळला. त्याला उचलून बाहेर नेलें, आणि राखीव गड्यांतून मला बोलावणें आलें. मला आनंद झाला. हें वाक्य लिहितांना आजहि लेखणी अडखळते, परंतु झाला हें खरें. तो सामना आम्ही हरलों.

वार्षिक परीक्षेंत तो नापास झाला. जूनमध्यें शाळा उघडली तेव्हां साहित्याच्या खोलीला कुलूप होतें. त्याला कोणीं 'जा' म्हटलें नाहीं. पण फीमाफीचा अर्ज कोणीं भरला नाहीं, आणि त्याचे वारहि कोणीं नव्यानें लाविले नाहींत. आमच्या घरीं आईनें पहिल्या दोन गुरुवारीं त्याचें पान मांडून ठेविलें होतें.

पुढें मोठेपणीं वर्तमानपत्र चाळतांना असल्या बातम्यांवर माझी दृष्टि आपोआप थांबूं लागली. ज्या वर्षाची ही हकीकत, त्याच सुमारास मुंबईस सचिन तेंडुलकर हा मुलगा रमाकांत आचरेकर यांच्या सल्ल्यावरून वांद्र्याची शाळा सोडून दादरच्या शारदाश्रम विद्यामंदिरांत गेला, आणि तो केवळ क्रिकेटसाठींच. १९८८ च्या फेब्रुवारींत हॅरिस शील्डच्या सामन्यांत त्यानें व विनोद कांबळी यानें ६६४ धांवांची अभंग भागी केली, हें सर्वश्रुत आहे. त्या शाळाबदलास अन्याय म्हणावयास माझें मन घेत नाहीं. तेथें गुरु होता, राहावयास नातलगांचें घर होतें. आपल्या जिल्ह्यांतील सावरपाड्याच्या कविता राऊत यांनींहि नाशकांत विजेंद्रसिंग यांच्या हाताखालीं तयारी केली, आणि २०१० सालीं दिल्लीच्या राष्ट्रकुल सामन्यांत १०,००० मीटरच्या शर्यतींत कांस्यपदक मिळविलें. पाड्यावरच राहून तें घडलें असतें असें कोण म्हणेल?

परदेशांत तर हा व्यवहार समुद्रापार चालतो. न्यूझीलंडमध्यें रग्बी हा शाळांचा मोठा मानाचा खेळ; लांबट चेंडूचा, पंधरा-पंधरा गड्यांचा, अंगास अंग भिडविणारा. टोंगा, सामोआ, फिजी या बेटांवरील मुलें शिष्यवृत्तीच्या बोलीवर तेथील व ऑस्ट्रेलियांतील शाळांत नेलीं जातात. टोंगाचीं कांहीं जपानांतहि जातात. २०१८ च्या अखेरीस ऑक्लंड शहरांतील दहा शाळांच्या मुख्याध्यापकांनीं एका नामांकित शाळेच्या पहिल्या संघाशीं खेळण्याचेंच नाकारिलें. तिनें इतर शाळांतील तयार गडी आपल्याकडे ओढले, असा त्यांचा आक्षेप होता. पुढें तडजोड झाली. जपानांत दर डिसेंबरांत क्योटो येथें शाळांची टप्प्याटप्प्यांची दौड होते. सात मुलें मिळून मॅरेथॉनचें अंतर पुरें करितात. तेथें केनियाचीं मुलें आणणाऱ्या शाळा वारंवार पुढें जाऊं लागल्या. तेव्हां २००८ पासून परदेशी विद्यार्थ्यास १० किलोमीटरचा पहिला टप्पा बंद झाला, आणि २०२४ पासून त्यास ३ किलोमीटरच्या आंखूड टप्प्यापुरतीच मुभा उरली आहे. केनियाचा सॅम्युएल वांजिरू २००२ सालीं असाच सेंदाई येथील शाळेंत आला होता. २००८ सालीं बीजिंगच्या ऑलिंपिकमध्यें त्यानें मॅरेथॉन जिंकिली.

हे नियम वाईट आहेत असें मी म्हणत नाहीं. नवव्या गड्याचें दुःख मीं भोगिलें आहे, आणि त्याची दाद लागलीच पाहिजे. पण ह्या नियमांत बाहेरच्या मुलास कोठें व किती धांवूं द्यावें ह्याचेंच माप आहे. त्याचा गुडघा मुरगळला तर त्याचा वर्गांतील बांक शाबूत राहील कीं नाहीं, हें विचारण्याचें आमच्या शाळेंत कोणासहि सुचलें नाहीं. आम्ही मुलें 'बाहेरचा, बाहेरचा' म्हणून त्याच्यावर डोळे वटारीत होतों. वास्तविक तो आपण होऊन आलाच नव्हता. आणणारे मोठे होते, आणि त्यांच्याकडे पाहण्याचें धैर्य आम्हांस नव्हतें.

२००६ च्या ऑक्टोबरांत द्राक्षांच्या छाटणीचे दिवस होते. पिंपळगांव बसवंत येथें माझ्या मामांच्या बागेंत मी गेलों असतां मजुरांच्या टोळीचा मुकादम माझ्याकडे टक लावून पाहूं लागला. चालतांना तो किंचित् लंगडत होता. मीं ओळखण्याआधीं तोच म्हणाला, "आई बऱ्या आहेत ना? गुरुवारचें पिठलें अजून आठवतं." ढालीविषयीं त्यानें चकार शब्द काढिला नाहीं. मग त्यानें वेलींच्या ओळींतून पळणाऱ्या एका अकरा वर्षांच्या मुलाकडे बोट दाखविलें. "हा माझा. शहरातल्या एका शाळेचे लोक मागायला आले होते. तुम्ही शिकलेले आहात, सांगा, पाठवूं का?"

मला उत्तर सुचेना. शेवटीं बांधावर बसून मीं त्याला एका कागदावर त्या शाळेस विचारण्यासाठीं तीन प्रश्न लिहून दिले. मुलगा सातहि वार जेवणार कोठें? त्याला धडे समजावून कोण देणार? आणि उद्यां पाय मोडला, तरी दहावीपर्यंत त्याला ठेवणार कां? त्यानें तो कागद चार घड्या घालून खिशांत ठेविला.

हें सारें ऐकून पुतण्या बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "पुढें काय झालं, काका?"

पहिल्या दोन प्रश्नांचीं उत्तरें आलीं. तिसऱ्याचें आलें नाहीं. त्यानें मुलाला पाठविलें नाहीं. तें बरें झालें कीं वाईट, हें मला आजहि सांगतां येत नाहीं. कारण तो मुलगा, बापाच्या म्हणण्याप्रमाणें, बापापेक्षांहि वेगानें धांवत असे.