तेलाची वही

महिन्यातून दोन रविवारी आम्ही कोल्हापूरहून कागलमार्गे मुरगूडला जातो. त्या परिसरात आपली मोजकीच कुटुंबे आहेत; कुणाच्या तरी सोप्यात मिस्सा होते, चहा होतो आणि आम्ही परततो. जाऊन-येऊन शंभरेक किलोमीटरचा हा प्रवास. गाडी जुनी, पेट्रोलवर चालणारी.

निघताना एक वृद्ध माउली पदराची गाठ सोडते आणि पन्नासाची नोट आमच्या हाती ठेवते. ‘फादर, तेलाला असू दे.’ ती अजूनही दुसऱ्याच्या रानात भांगलणीला जाते. एकदा आम्ही ती नोट परत करू पाहिली, तेव्हा तिचा चेहरा असा उतरला की पुन्हा तो अविचार केला नाही. अर्ध्या लिटरलाही न पुरणारी ती नोट. परंतु तिच्या अर्ध्या लिटरचे आम्ही करतो काय, हा प्रश्न त्या दिवसापासून सोबत येऊ लागला.

उत्तर दिले ते त्याच वाडीतल्या एका निवृत्त एस.टी. चालकाने. आम्ही त्यांना मामा म्हणतो. एस.टी.त दहा लिटर डिझेलमागे गाडी किती किलोमीटर धावली याचा हिशेब ठेवतात. ‘केपीटीएल’ हा शब्द मामांच्या तोंडी जपमाळेसारखा असतो. एकदा ते आमच्या शेजारी बसून कोल्हापूरपर्यंत आले. गळिताचा हंगाम होता. उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, अधूनमधून बैलगाड्या. आम्ही एका ट्रॅक्टरला जोरात मागे टाकले, की पुढचा दिसताच करकचून ब्रेक लावावा. पुन्हा वेग, पुन्हा ब्रेक. कागलच्या अलीकडे मामा म्हणाले, ‘फादर, दर बिरेकला वाटीभर तेल रस्त्यावर वततासा बघा.’ मागे वळून पाहतो तो निढोरीजवळ मागे टाकलेली एस.टी. आमच्या पाठीशीच!

वाटी अर्थातच मामांची; परंतु तत्त्व खरे आहे. इंधन जाळून गाडीला जो वेग दिला, तो ब्रेक लावताच उष्णता होऊन वाऱ्यावर जातो, आणि पुन्हा वेग घेण्यास नवे इंधन लागते. म्हणून बचत उजव्या पायात कमी आणि डोळ्यांत अधिक असते. दोनशे मीटरवरची ट्रॉली वेळीच दिसली, तर नुसता पाय उचलून भागते. मोकळ्या महामार्गावर गोष्ट वेगळी. तिथे हवा आडवी येते. ताशी 60 वरून 80 वर गेले की हवेचा विरोध पावणेदोन पटींहून अधिक होतो.

आमचीही एक जुनी विद्या होती. राधानगरी-दाजीपूरमार्गे कोकणात उतरताना फोंडा घाटात आम्ही गाडी न्यूट्रल करीत असू, आणि ते कसब मोठ्या अभिमानाने सांगत असू. मामांनी कपाळाला हात लावला. इंजेक्शनच्या इंजिनात गियर तसाच ठेवून पाय उचलला की इंधनाचा पुरवठा थांबतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन जिवंत ठेवायला ते जळतच राहते. शिवाय उतारावर इंजिनाचा आवर सुटतो आणि सारा भार ब्रेकवर येतो. इंजिनच बंद करणे तर त्याहून घातक. ब्रेकची मदत जाते, स्टिअरिंग जड होते. पैसे वाचवतो म्हणून मिरवलो, ते वाचत तर नव्हतेच.

तेव्हापासून गाडीत एक वही आहे. टाकी काठोकाठ भरायची, किलोमीटर लिहायचे, पुन्हा भरताना भागाकार करायचा. टायरमधली हवा महिन्यातून दोनदा पाहतो. टपावरचा कॅरियर काढला. कुणाच्या दारी थांबल्यावर इंजिन चालू ठेवून गप्पा मारणे सोडले (हे सर्वांत अवघड गेले). लिटरमागचा आकडा चौदावरून सोळाच्या पुढे गेला.

मध्यंतरी तो थोडा घसरला आणि आम्ही खट्टू झालो. कारण टाकीतच होते. 2025 मध्ये देशभर 20 टक्के इथेनॉलचे पेट्रोल आले. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलहून सुमारे एक-तृतीयांशाने कमी. जुन्या चारचाकींचे ॲव्हरेज 6 ते 7 टक्क्यांनी घटेल, असा अंदाज नीती आयोगाच्या 2021 च्या अहवालातच होता. आपला देश 85 टक्क्यांहून अधिक कच्चे तेल बाहेरून आणतो, हे ध्यानी घेता तक्रार करवत नाही. उसाने आमची वाट अडवायची आणि त्याच उसाने गाडीही ओढायची, हा योग कोल्हापूर जिल्ह्यातच शोभतो!

गेल्या हंगामात एका रात्री आम्ही मुरगुडातच मुक्कामाला होतो. मामांच्या पत्नीच्या छातीत कळ आली. त्यांना मागच्या आसनावर निजवून आम्ही कोल्हापूरकडे निघालो. मामा शेजारी होते. आम्ही वेग वाढवला. त्या रात्री वाटीचा हिशेब कुणालाच सुचला नाही. एका वळणापुढे, दिवा नाही की लाल पट्टी नाही, अशी उसाची ट्रॉली अंधारात उभी होती. दोघांनाही ती एकदमच दिसली, पुष्कळ दुरून. आमचा पाय आपोआप उचलला गेला होता.

मामी आता बऱ्या आहेत. पुढच्या खेपेला मामांनी वही मागितली, त्या दिवसाचा आकडा शोधला आणि म्हणाले, ‘तेरा? इतकं कसं पडलं?’ मग त्यांना आठवले, आणि त्यांनी वही मिटून जागेवर ठेवली.