वाळलेला हात

आईचा पहिला प्रश्न असा की, "ह्यात पळत कुणीच नाही का?"

१ ऑगस्ट २०२४, गुरुवार. दुपारचा एक वाजून गेला होता. ताटात वरणभात कालवलेला, बाहेर पाऊस, आणि टीव्हीवर फ्रान्समधलं शातोरू. ऑलिंपिक म्हणायचं पॅरिसचं, पण नेमबाजी तिथून बरीच लांब, दक्षिणेला. आठ माणसं ताठ जॅकेटं घालून एका रांगेत गुडघ्यावर बसलेली. त्यातला एक स्वप्नील कुसाळे, कांबळवाडीचा.

"म्हणजे आपल्या राधानगरीकडचाच की!" असं म्हणून आईनं पाट पुढं ओढला. डोळ्यांमुळं ती टीव्हीपासून दोन हातांवर बसते.

महिनाभरापूर्वी, २९ जूनच्या रात्री, बार्बाडोसला टी-ट्वेंटी विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात सूर्यकुमारनं सीमारेषेवर मिलरचा झेल घेतला तेव्हा ह्याच खोलीत आम्ही पाचजण एकदम ओरडलो होतो. क्रिकेटचं ते बरं असतं. ओरडता येतं, कर्णधाराला शिव्या देता येतात, विकेट पडेल म्हणून कुणाला जागेवरून उठू देत नाहीत. इथं काय करायचं? हा खेळ म्हणजे न हलणं. बंदूक वर जाते, गाल टेकतो, आणि आता बार होणार म्हणून आपण दम धरावा, तर ती तशीच खाली येते. श्वास जमला नाही म्हणून. तिकडं नेमबाज पुन्हा शांतपणे सुरुवात करतो, इकडं आपण गुदमरलेले.

पन्नास मीटर म्हणजे आमच्या दारापासून गिरणीपर्यंतचं अंतर. तिथल्या निशाणावर दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं, करंगळीच्या नखाएवढं. त्यातही अगदी मध्याला लागलं तर १०.९. सगळा जीव त्या दशांशात. स्वप्नीलचे गुडघ्यावरचे पंधरा बार झाले, १५३.३. मग पालथं झोपून पंधरा. बेरीज ३१०.१, क्रमांक पाचवा. पदकं तीनच. मी घास उचलला होता की नव्हता, आठवत नाही.

उभं राहून मारायचं ते सगळ्यात अवघड. टेकायला काही नाही, नाडीचा ठोकासुद्धा नळीच्या टोकापर्यंत जातो म्हणतात. आणि नेमका तिथंच हा वर सरकू लागला. चाळीस बार झाल्यावर दोघं बाहेर गेले, मग प्रत्येक बारानंतर एक. नावांचा तक्ता हलला की आई विचारायची, "आहे ना रं अजून?"

खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकीला कुस्तीचं कांस्य मिळवलं, तेव्हा कराडजवळच्या गोळेश्वरात नुसती बातमी पोचली. त्यांची पकड, त्यांचा घाम इथं कुणी पाहिला? महाराष्ट्राच्या माणसाला पुढचं वैयक्तिक पदक मिळायला ७२ वर्षं गेली. आणि आता रेल्वेत तिकीट तपासनीस असलेल्या ह्या पोराची पापणी लवते ती आम्हाला भात जेवता जेवता दिसत होती. एवढ्या जवळून माणसाकडं बघणं खरं तर जरा अवघडल्यासारखंच वाटतं.

चव्वेचाळिसावा बार झाला. ४५१.४. त्यानं बंदूक खाली ठेवली.

"हरला?" आईचा आवाज एकदम बारीक झाला.

ह्या खेळाची हीच गंमत. कांस्यपदक मिळतं ते बाद होण्याच्या क्षणी. चीनचा लिऊ युकुन आणि युक्रेनचा सेर्ही कुलिश शेवटच्या बारासाठी उभे होते, आणि आपला माणूस रांगेतून मागं सरकलेला.

"नाही गं. तिसरा आला. पदक आलं."

मला वाटलं ती देवापुढं साखर ठेवायला उठेल. पण तिनं बसल्या जागी, खरकट्याच हातानं, जोरात टाळी वाजवली. वाळलेली शितं सगळीकडं उडाली. त्यातलं एक टीव्हीच्या काचेवर जाऊन चिकटलं, बरोबर लिऊ युकुनच्या जॅकेटवर, आणि सुवर्णपदक ठरेपर्यंत ते कुणी पुसलं नाही.