विरार गाडीतलं आपलं माणूस

सकाळची चर्चगेट गाडी सुटते विरारहून, पण विरारच्या फलाटाला लागते तेव्हाच तिच्या खिडक्या भरलेल्या असतात. नालासोपारा, वसईच्या बायका आधी उलट दिशेने विरारला येतात, जागेवरून हलत नाहीत आणि त्याच गाडीने मुंबईकडे निघतात. याला इकडे ‘रिटर्न’ म्हणतात. घरचा डबा उरकून फलाटावर ताटकळलेल्या विरारच्या बायकांचा दिवस इथेच बिघडतो.

“अहो, उतरा की, गाडी इथे संपते.”

“संपू दे ना. विरारपर्यंतचा पास आहे माझा.”

दोघींचं म्हणणं खरं. गर्दीच्या वेळी नालासोपाऱ्याला गाडीत शिरणं म्हणजे काय, हे शिरलेलीलाच कळतं. एक स्टेशन मागे येऊन जागा धरली तर तिला लबाड कसं म्हणायचं? पण विरारवाली तरी तास-दीड तास कशाला उभी राहील? भांडण रोजचं आहे आणि त्यातली एकही बाजू मला पूर्ण चुकीची वाटलेली नाही. फक्त दोघींच्या तोंडी वाक्य एकच असतं: “लोकांना काही रीतच राहिली नाही.”

हे वाक्य या मार्गावर फार ऐकू येतं. बोलणारी सहसा जुनी असते आणि पुढचं वाक्य ठरलेलं असतं, ‘पूर्वी असं नव्हतं.’ पूर्वी म्हणजे कधी, हे मात्र कोणी सांगत नाही. १२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून बॅक बेपर्यंत पहिली गाडी धावली, तेव्हा दिवसाला जाणारी एक आणि येणारी एक असा कारभार होता. १९३६ मध्ये विरारपर्यंत विजेच्या गाड्या आल्या. त्या गाड्यांत एकमेकींना जागा देत असतील, कोण जाणे. पण पश्चिम रेल्वेने ५ मे १९९२ रोजी चर्चगेट-बोरिवली अशी खास महिलांची लोकल सुरू केली आणि पुढच्याच वर्षी ती विरारपर्यंत नेली, ती काही बायकांचे लाड म्हणून नव्हे. नेहमीच्या गाडीत बायकांना धड चढता येत नव्हतं, म्हणून. म्हणजे ‘पूर्वी’ तेव्हाही नव्हतंच. पुढे तर वस्तीच वाढली. २००९ मध्ये वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपालिका व आसपासची गावं मिळून महानगरपालिका झाली. २०११ च्या जनगणनेत इथली वस्ती बारा लाखांवर गेलेली होती. स्वस्त घर मिळालं म्हणून आलेल्या या माणसांतली फार मोठी संख्या रोज सकाळी त्याच रुळांवर येऊन उभी राहते.

तरीही माणुसकी आटली म्हणणाऱ्यांनी एकदा ठरलेल्या गाडीच्या ठरलेल्या डब्यात, ठरलेल्या ग्रुपमध्ये बसून पाहावं. तिथे काय काय चालतं! नवरात्रात नऊ दिवस रंग पाळले जातात आणि पिवळी साडी नसलेलीसाठी दुसरी कोणी आदल्या दिवशी ओढणी घेऊन येते. दसऱ्याच्या आधी डब्याला तोरण लागतं, फुलांच्या माळा चढतात, पेढे वाटले जातात. डोहाळजेवणं धावत्या गाडीत होतात, आणि त्यानंतर ती पोटुशी प्रसूतीच्या रजेवर जाईपर्यंत तिची खिडकी पक्की. संध्याकाळी मटार सोलायला बसल्या की पिशवी आपोआप चार मांड्यांवर पसरते. तीन जणींच्या बाकावर चौथी टेकते, आणि अर्धं अंग बाहेर राहिलेल्या या चौथ्या सीटवालीला आतली खिडकीवाली न सांगता बोटभर सरकून देते. काही ग्रुपांत नियमच आहे: विरारपासून बसलेलीने अंधेरीला उठायचं आणि तोवर उभ्या असलेलीला बसवायचं. कुठे लिहिलेला नाही, पण मोडणारीशी आठवडाभर कोणी धड बोलत नाही.

एवढा काटेकोर शिष्टाचार चांगल्या चांगल्या सभागृहांत दिसत नाही. फक्त तो ग्रुपच्या बाहेर एक इंचही जात नाही.

बोरिवलीची बाई विरार गाडीत चढली की ते दिसतं. “बोरिवली लोकल नव्हती का तुम्हाला?” हा पहिला प्रश्न, अहो-जाहोत. दुसऱ्या वाक्यापासून अगं-तुगं आणि तिसऱ्यापासून हिंदी. दारातल्या बायका हलत नाहीत. बोरिवलीला उतरू न देता थेट पुढे नेल्याच्या गोष्टी या मार्गावर पराक्रमासारख्या सांगितल्या जातात. मागचं गणित समजण्यासारखं आहे. बोरिवलीकरणीला बोरिवलीहून सुटणाऱ्या गाड्या आहेत, विरारकरणीला विरारशिवाय दुसरी गाडी नाही. रेल्वे कायद्याला मात्र हे गणित मान्य नाही. १९८९ च्या या कायद्याच्या कलम १५५ प्रमाणे, राखीव नसलेल्या डब्यात कायदेशीरपणे चढणाऱ्याला अडवलं तर दोनशे रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. एकदा डब्यात मी हे सांगितलं. “मग भरू आपण वर्गणी काढून,” असं उत्तर आलं, आणि सगळ्या हसल्या. मीही.

मोबाइलवरची रीत याहून गंमतशीर. कॉलेजची मुलगी कानात काही न घालता रील पाहू लागली की दुसऱ्या मिनिटाला कोणीतरी खेकसतं. पण समोरच्या बाकावरच्या काकूंचं अथर्वशीर्ष त्याच मोठ्या आवाजात चालू असतं, त्यांना कोणी टोकत नाही. मुलीने एकदा तेवढंच विचारलं तर तिचे संस्कार काढण्यात आले. आवाज दोन्हीकडून तेवढाच येत होता, हे मी खिडकीत बसून खात्रीने सांगू शकते.

स्टेशनाबाहेरच्या शेअर रिक्षेची, पुलावर मधोमध थांबून फोन उचलणाऱ्यांची, जिन्याच्या कोपऱ्यातल्या पिचकाऱ्यांची तक्रार कुठल्याही शहरात तीच. ती इथे वेगळी काय सांगायची! वसईची खरी गोष्ट खाडीवर घडते.

नायगाव आणि भाईंदरच्या मध्ये गाडी पुलावर आली की डब्यातले आवाज क्षणभर बदलतात. हात जोडले जातात, कोणी नाणं टाकतं, आणि दारातून, खिडकीच्या गजांतून निर्माल्याच्या पिशव्या खाली जातात. हार, उदबत्तीची राख, कलशावरचा नारळ, सगळं एका प्लॅस्टिकमध्ये गाठ मारून. टाकणारी वाईट बाई नसते. देवाचं कचऱ्यात जाऊ नये, एवढीच तिची काळजी. पण खाडीत पाणजू नावाचं बेट आहे, त्यावर गाव आहे, आणि होडी नसली की तिथली माणसं रेल्वेच्या पुलाच्या कडेने चालत नायगाव गाठतात. रुळांवर काम करणारे कामगारही तिथेच असतात. सप्टेंबर २०२५ मध्ये पाणजूचा एक तरुण असाच पुलावरून चालला होता. धावत्या लोकलमधून फेकलेला नारळ त्याच्या डोक्याला लागला आणि तो गेला. कोणी फेकला? ज्याने फेकला त्याने बहुधा नमस्कारही केला असेल, आणि पुढच्या स्टेशनाच्या आत विसरलाही असेल.

ती बातमी आमच्या डब्यात वाचली गेली तेव्हा सगळ्या हळहळल्या. त्यानंतर काही दिवसांनी नायगाव सुटल्यावर एकीने पिशवी काढली.

“अगं, थांब. खाली माणसं चालतात.”

“मग घरी ठेवू का? वास मारतंय.”

“झाडाच्या मुळाशी घालायचं.”

“सातव्या मजल्यावर राहते मी. झाड कुठून आणू?”

“कुंडी घे.”

“नारळ कुंडीत?”

“नारळ खायचा, बाई. फोडून वाटायचा. तो टाकतं का कोणी?”

“कलशावरचा आहे!”

“मग काय झालं? माझ्या सासूबाई कलशावरच्याच नारळाच्या वड्या करायच्या.”

पूल मागे गेला, पिशवी हातातच राहिली, आणि सगळा ग्रुप त्यात उतरला. कोणाच्या सोसायटीत खताचा खड्डा आहे, कोणाचा सचिव पाकळीही टाकू देत नाही, गणपतीतले निर्माल्य कलश वर्षभर का ठेवत नाहीत, नारळाच्या वडीत साय घालायची की नाही. मीरा रोड गेलं, दहिसर गेलं. दाराशी एक बाई मघापासून “बाजूला व्हा ना, बोरिवली, बोरिवली,” म्हणत होती. तिच्याकडे पाहायला कोणाला फुरसत नव्हती. गाडी थांबली, खालून लोंढा आत घुसला, आणि तिची पर्स आत, ती बाहेर अशी ओढाताण झाल्यावर वडीवाल्या ताईंनी वळून विचारलं, “अगं, उतरायचं होतं तर आधी सांगायचं नाही का?”