हुर्राक, फेणी आणि कुजणारी बोंडं

आज जरा वेगळा विषय.

परवा भाच्याच्या लग्नाला गोव्यात गेलो. पोरांनी थंडगार बिअर पुढे केली. मला ती कडू लागते, पोटही फुगतं. आपली आवड एकच, हुर्राक. काजूच्या रसाची पहिली गाळलेली, हलकी. वर लिंबू, मीठ, उभी चिरलेली मिरची. तीच रसात मिसळून परत गाळली की फेणी. ती उग्र, मला झेपत नाही. हुर्राकही फक्त हंगामात, काम आटोपल्यावर दोन ग्लास. वडील दारूपायी गेले, तेव्हापासूनचा नेम.

फेणीला 2009 साली भौगोलिक मानांकन मिळालं. तिथे बोंड वेचून भट्टीवर जातं. माझ्या बागेत वेंगुर्ला-4 आणि 7. बी काढली की बोंड झाडाखालीच. बीच्या पाच-सहा पट वजनाचा माल आपण कुजवतो!

यंदा थोडा रस काढला, साबुदाण्याची पेज घालून निवळवला. घशाची खवखव बरीच कमी झाली. नातवंडांनी सरबत आवडीने प्यायलं. कोणी असं सरबत विकत असाल तर बाटलीमागे खर्च किती येतो, तेवढं कळवा.