स्पीकर घ्यावेत की नाही?

गाण्याचा नाद जुना. म्हणून 'एलएस३/५ए' जातीचे स्पीकर ऐकायची संधी आली, तेव्हा घरची मल्लिकार्जुन मन्सूरांची सीडी घेऊनच दुकानात गेलो. हे स्पीकर बीबीसीच्या अभियंत्यांनी १९७० च्या दशकात बाहेरच्या प्रक्षेपणाच्या गाडीत मावतील असे बनवले. उंची जेमतेम फूटभर. पण मन्सूर समोर बसून गातायत असं वाटलं. किंमत दोन लाखांच्या वर, म्हणजे माझं सहा-सात महिन्यांचं पेन्शन. तरी मनात 'घेऊन टाकू' असंच होतं.

घरी आलो. नात स्वयंपाकघरातून म्हणाली, "आजोबा, सात वाजले!" मला ऐकू आलं, "हात भाजले!" धावत गेलो. पोरगी हसून लोटपोट. मी मात्र हसलो नाही.

कान तपासून घेतले. ४००० हर्ट्झच्या वरचं ऐकणं बरंच उतरलंय. 'स', 'श' ही व्यंजनं त्याच उंच भागात असतात, स्वर खाली. त्यामुळे आवाज पोचतो, शब्द निसटतो. मन्सूरांचा सूर खालच्या भागातला, म्हणून दुकानात काही उणं वाटलं नाही. २०,००० हर्ट्झपर्यंतचे स्पीकर घेऊन ती वरची करामत ऐकणार कोण?

आता ठरवलंय, आधी कानाचं यंत्र. मन्सूर जुन्या स्पीकरवरही मला भेटतात. नात मात्र 'जाऊ दे आजोबा' म्हणून बोलणं सोडून देते, ते परवडायचं नाही.