सुरकुत्या, सांधे आणि सरस

गेल्या कांहीं वर्षांत सुशिक्षित कुटुंबांतून ‘कोलॅजन’ नांवाच्या भुकटीचा बराच बोलबाला झाला आहे. रोज चमचाभर पाण्यांत घालून घ्यावी, म्हणजे सुरकुत्या मावळतात, केंस दाट होतात आणि कुरकुरणारे गुडघे निमूट चालूं लागतात, असें सांगण्यांत येतें. महिन्याकाठीं हजार-दीड हजार रुपये खर्चून हें व्रत आचरणाऱ्या भगिनी आतां आपल्या नात्यागोत्यांतहि आढळतात. तेव्हां या वस्तूंत तथ्य किती, हें पाहणें अवश्य आहे.

या शब्दाच्या मुळाशीं सरसाचा वाचक असा ग्रीक शब्द आहे, आणि तें योग्यच होय. जनावरांचीं कातडीं व हाडें उकळून सुतारकामाचा सरस काढीत, तो कोलॅजनचाच. आपल्या शरीरांतील प्रथिनांचा जवळजवळ तिसरा हिस्सा हेंच प्रथिन असून त्वचा, अस्थि व कूर्चा यांना तें बांधून धरतें. त्याची घडण तीन पेडांच्या वेणीसारखी आहे. ती १९५४ सालीं मद्रास येथें जी. एन्. रामचंद्रन् व गोपीनाथ कर्था या आपल्याच शास्त्रज्ञांनीं उकलून दाखविली. भुकटीच्या डब्यावर मात्र हें कोठें छापलेलें मीं पाहिलें नाहीं! उतारवयांत ही वेणी सैल पडते. रजोनिवृत्तीनंतरच्या पहिल्या पांच वर्षांत तर त्वचेंतील कोलॅजन सुमारें ३० टक्के घटतें. भगिनींना या जाहिराती पटतात त्या कांहीं उगीच नव्हे.

पण उणें झालेलें तोंडावाटे भरून काढतां येतें काय? पोटांत गेलेलें कोलॅजन जसेंच्या तसें गालापर्यंत पोंचत नाहीं; पचनांत त्याचे तुकडे होतात. त्यांतले कांहीं बारीक तुकडे रक्तांत उतरून त्वचेच्या पेशींना नवें कोलॅजन करण्यास चेतवितात, असें या पक्षाचे लोक म्हणतात. २०२३ सालीं २६ प्रयोगांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला, त्यांत त्वचेचा ओलावा व लवचीकपणा वाढल्याचें दिसलें. २०२५ सालीं अमेरिकेंतील एका वैद्यकीय नियतकालिकांत २३ प्रयोगांचा दुसरा आढावा आला. त्यांतहि एकंदर बेरीज अनुकूलच. मात्र ज्या प्रयोगांना औषधी कंपन्यांचा पैसा नव्हता तेवढेच निराळे काढून पाहिले, तेव्हां ओलावा, लवचीकपणा, सुरकुत्या यांपैकीं कशांतहि फरक आढळला नाहीं. वधूपित्यानें केलेली कन्येची स्तुति ज्या बेतानें ऐकावी, त्याच बेतानें बाकीचे प्रयोग वाचावे.

हा मोह नवाहि नाहीं. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत पॅरिसमध्यें हाडांपासून काढलेल्या जिलेटिनचें, म्हणजे उकळलेल्या कोलॅजनचेंच, कढण गोरगरिबांना व रुग्णांना स्वस्त पोषण म्हणून पाजीत. पुढें फ्रेंच विज्ञान अकादमीनें मॅजेंडी या शरीरशास्त्रज्ञाच्या नेतृत्वाखालीं चौकशी केली. नुसत्या जिलेटिनवर ठेवलेलीं कुत्रीं जगत नाहींत, असें १८४१ सालच्या अहवालांत निघालें. ट्रिप्टोफॅन हें आवश्यक द्रव्य त्यांत मुळींच नसतें, हें कारण मागाहून कळलें. भुकटींतहि तें नसतेंच. प्रथिन म्हणून तिची योग्यता आपल्या वरण-भाताहून कमी.

आमच्या घरीं या प्रकरणाला निराळेंच वळण लागलें. माझ्या धाकट्या सुनेनें मोठ्या मायेनें माझ्या सासूबाईंच्या रात्रींच्या दुधांत ही भुकटी घालावयास आरंभ केला. सासूबाईंचें वय ८६. अंडें असेल या संशयानें त्या केकलासुद्धां शिवत नाहींत. मीं डबा उलटून बारीक अक्षरें वाचलीं, तों ‘मासळीच्या कातडीपासून’ असें स्पष्ट लिहिलेलें, आणि शेजारीं मांसाहाराची तपकिरी खूण. पोरीला कल्पनाच नव्हती. “आई, आजींना सांगूं नका हो,” असें ती डोळ्यांत पाणी आणून म्हणाली. यजमानांचेंहि मत तेंच पडलें, कीं डबा फेकावा व गप्प बसावें. मला तें पटेना. ज्यांनीं आयुष्यभर आपल्या ताटाचा निर्णय आपण केला, त्यांना वय झालें म्हणून त्यांतून वगळावयाचें काय? मीं सांगितलें. सासूबाई बराच वेळ कांहीं बोलल्या नाहींत. मग म्हणाल्या, “पोरीनं माझे गुडघे पाहिले, डबा पाहिला नाहीं. उद्यांपासून दूध नुसतंच द्या. आणि पुन्हां कांहीं घालायचं झालं तर मला विचारा.”

वनस्पतींत कोलॅजन नसतेंच. ‘शाकाहारी’ म्हणून जें विकतात त्यांत बहुधा क जीवनसत्त्वासारखीं साहाय्यक द्रव्यें असतात. या जीवनसत्त्वावांचून ती वेणी पक्की विणली जात नाहीं, हें खरें. पूर्वीं दर्यावर्दी लोकांच्या हिरड्या सुजून रक्त येई तो स्कर्व्ही रोग याच उणिवेचा. १७४७ सालीं जेम्स लिंडनें खलाशांना संत्रीं-लिंबें देऊन त्याचा उतारा दाखविला. पण त्यासाठीं डबा कशाला? एक पेरू किंवा आवळा पुरे.

चेहऱ्याची काळजी असेल तर ऊन टाळावें. ऑस्ट्रेलियांत सुमारें ९०० माणसांवर साडेचार वर्षें प्रयोग झाला. रोज सूर्यरोधक मलम लावणाऱ्यांची त्वचा इतरांहून कमी जून झाली, असें २०१३ सालीं प्रसिद्ध झालें. गुडघ्यांना मांडीच्या स्नायूंचा आधार हवा. खुर्चींत बसून एकेक पाय सरळ करावा, क्षणभर तसाच धरावा व हळूच खालीं आणावा. सासूबाई हें रोज दिवेलागणीला करतात, सूनबाई मोजते.