शॅपच्या माथ्यावर

ब्रिटनच्या नैर्ऋत्येकडील लँड्स एंड ते ईशान्येकडील जॉन ओ'ग्रोट्स हा प्रवास सुमारे १,४०० किलोमीटरचा. सायकलस्वारांचे गट तो साधारणतः दोन आठवड्यांत पूर्ण करतात. जुन्या ए-६ रस्त्याने जाणाऱ्यांचा कसोटीचा दिवस केंडलहून सुरू होतो.

केंडल हे लोकरीच्या व्यापारावर वाढलेले गाव. 'कापड हीच माझी भाकरी' अशा अर्थाचे लॅटिन ब्रीदवाक्य ते आजही मिरवते. गाव मागे पडले की शॅप फेलचा चढ लागतो. दगडी बांधांची कुरणे, मेंढ्या आणि बोचरा वारा. दमदार स्वार पुढे निघून जातात. तथापि चारशे मीटरहून उंच माथ्यावर थांबून ते मागच्यांची वाट पाहतात.

तेथे एक स्मारक आहे. १९७० मध्ये एम-६ हा मोटारमार्ग येथून सुरू होण्यापूर्वी इंग्लंड-स्कॉटलंडमधील मालवाहतूक या बाजूने ह्याच घाटातून होई. मालमोटारींचे चालक, रस्ता बांधणारे व राखणारे, आणि खराब हवेत अडकलेल्या वाटसरूंना विनामूल्य अन्न व आसरा देणारे स्थानिक लोक, या सर्वांचे ते ऋण मानते. व्यापाराच्या वाटेवर नफ्याबरोबर हाही हिशेब मांडलेला आहे.

शेवटचा सोबती धापा टाकीत पोहोचतो. कोणी त्याच्या हाती पाणी देतो. तो सावरल्यावरच सारे पेनरिथच्या उताराला लागतात.